इराओलाला मोठा क्लब झेपेल का

ऑक्टोबर 2023 आठवा. बोर्नमथ हा इंग्लिश फुटबॉलच्या सगळ्यात वरच्या लीगमधला, प्रीमियर लीगमधला, छोटा क्लब, त्यांच्या लीगमधल्या नऊ मॅच झाल्या होत्या आणि जिंकलेली एकही नव्हती. तीन ड्रॉ, सहा हार, खात्यात 3 पॉइंट. आर्सेनलने त्यांच्याच मैदानावर येऊन 4-0 मारले, पुढच्या आठवड्यात एव्हर्टनने 3-0. आणि हे सगळं ज्याच्या हाताखाली चाललं होतं तो नवा मॅनेजर अँडोनी इराओला, ज्याला आणायचं म्हणून क्लबने गॅरी ओ'नीलला घरी पाठवलं होतं, आणि ओ'नील म्हणजे कोण तर आदल्याच सीझनला बुडायला आलेली टीम ज्याने काठाला लावली तो. लोक चिडले होते आणि त्यांचं चिडणं समजण्यासारखं होतं. चांगलं काम केलेल्या माणसाला काढलंत, आणि त्याच्या जागी ज्याने इंग्लंडमध्ये एक दिवस काम केलेलं नाही असा माणूस आणलात, आणि आता आम्ही खालच्या तीनमध्ये, म्हणजे लीगमधून खाली जायच्या जागांवर.

कुठल्याही मोठ्या क्लबचा मॅनेजर गेला की इराओलाचं नाव निघतं आणि लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो द्या त्याला, दुसरा म्हणतो अजून पिकला नाही, चेल्सीने सात महिन्यांत काढलेल्या पॉटरचं काय झालं विसरलात का. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. तो तयार आहे, माझ्या हिशोबाने 2025 च्या उन्हाळ्यातच तयार होता. मी 2023-24 आणि 2024-25 या बोर्नमथच्या दोन सीझनवरूनच बोलतोय, कारण माणूस ओळखायला तेवढी पुरेशी आहेत. पण त्याच दमात हेही म्हणायचंय की "तयार" ही काय मॅनेजरने बॅगेत घालून न्यायची वस्तू आहे असं जे आपण सगळे धरून चालतो ना, ते चूक आहे, आणि त्या चुकीपायी कितीतरी चांगले कोच वाया गेलेत.

आधी त्या नऊ मॅचकडेच बघू. लोक इराओलाची बाजू मांडताना ओल्ड ट्रॅफर्डवरच्या, म्हणजे मँचेस्टर युनायटेडच्या मैदानावरच्या, 3-0 विजयापासून सुरुवात करतात, मला ते पटत नाही. जिंकताना सगळेच शहाणे दिसतात. हरताना माणूस काय करतो ते बघायचं. तर 28 ऑक्टोबरला दहाव्या मॅचला बर्नलीविरुद्ध एकदाचे जिंकले, 2-1, बर्नलीने आधी गोल केला, मग सेमेन्योने बरोबरी केली, मग बिलिंगने इतक्या लांबून मारला की बॉल हवेत असतानाच सगळ्यांना कळलं कीपर पोचणार नाही. वाटलं चला, सुटलो. लीगच्या पुढच्याच मॅचला मँचेस्टर सिटीने 6-1 धुतलं. इथे खरी परीक्षा होती. दहापैकी आठ कोच या ठिकाणी घाबरतात, मागे पाच डिफेंडर लावतात, टीम तीस यार्ड मागे ओढतात आणि म्हणतात आधी पॉइंट गोळा करू, खेळ नंतर बघू. इराओलाने तसं काही केलं नाही. तेच वरपर्यंत जाऊन प्रेस करणं, म्हणजे बॉल हिसकावायला समोरच्याच्या अंगावर धावून जाणं, बॉल जिंकला की मागे न फिरवता थेट पुढे घालणं, फुलबॅक वर. पुढच्या आठवड्यात न्यूकॅसलला 2-0, आणि 9 डिसेंबरला ओल्ड ट्रॅफर्डवर युनायटेडला 3-0. सीझन संपला तेव्हा 48 पॉइंट आणि 12 वा नंबर, प्रीमियर लीगमध्ये बोर्नमथचे तोवरचे सगळ्यात जास्त पॉइंट. पुढच्या वर्षी 56 आणि 9 वा नंबर. आणि मध्ये काय झालं होतं, तर 19 लीग गोल मारणारा सोलंकी टॉटनहॅमला विकला होता, साडेसहा कोटी पाउंडच्या आसपास.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू. नऊ मॅच न जिंकता तो माणूस खुर्चीवर राहिला कसा? कारण बोर्नमथने ठेवला म्हणून. ज्यांनी त्याला आणलं त्यांना माहीत होतं आपण काय आणलंय, त्या खेळाला बसायला वेळ लागणार हे धरूनच त्यांनी सही घेतली होती. थॉमस फ्रँकचंही असंच, ब्रेंटफर्डमध्ये 2018 ला सूत्रं हातात घेतली आणि पहिल्या दहापैकी आठ मॅच हरला, ब्रेंटफर्डने हलवला नाही, आणि 2021 मध्ये तोच माणूस त्या क्लबला 74 वर्षांनी वरच्या लीगमध्ये घेऊन गेला. ओल्ड ट्रॅफर्डवर किंवा चेल्सीच्या स्टॅमफर्ड ब्रिजवर नऊ लीग मॅच एकही न जिंकता कोणी राहिला असता का? नाही राहिला. मग सांगा, इराओलाचा धीर हा गुण इराओलाचा की बोर्नमथचा? मला वाटतं दोघांचा, आणि तो वेगळा काढताच येत नाही, आणि मोठा क्लब जेव्हा असा माणूस उचलतो तेव्हा तो गुणाचा अर्धाच भाग विकत घेतो.

पॉटरकडे येतो, कारण त्याचं नाव घेतल्याशिवाय हा वाद पुढे सरकत नाही. ग्रॅहॅम पॉटरने स्वीडनमध्ये ओस्टरसुंड नावाची टीम चौथ्या डिव्हिजनमधून उचलून पहिल्या डिव्हिजनमध्ये नेली, 2017 चा स्वीडिश कप जिंकला, युरोपा लीगमध्ये आर्सेनलला त्यांच्या घरी 2-1 हरवलं (पहिल्या लेगमध्ये 3-0 हरल्यामुळे बाहेर गेले ती गोष्ट वेगळी). तिथे तो खेळाडूंना स्टेजवर उभं करायचा, त्यांच्याकडून स्वान लेकवर बॅले करून घेतला, का तर माणसाला आपली सवयीची जागा सोडायची भीती वाटू नये म्हणून. मग स्वान्सी, मग ब्रायटन, 2021-22 ला ब्रायटन 51 पॉइंट घेऊन 9 वे. म्हणजे एकेक पायरी चढत आलेला माणूस, पुस्तकात लिहावा तसा. सप्टेंबर 2022 मध्ये चेल्सीने उचलला आणि 2 एप्रिल 2023 ला काढला, 31 मॅच.

आणि तेव्हापासून सगळे म्हणतात पॉटर तयार नव्हता. थांबा जरा. त्या सात महिन्यांत चेल्सीत काय चाललं होतं ते आठवा. क्लबला नवीन मालक आलेले, आधीचा मॅनेजर तुखेलला सीझन सुरू झाल्यावर काढलेला, म्हणजे पॉटरला प्री-सीझन मिळालेलाच नाही. जानेवारीत माणसांवर माणसं आली, एन्झो फर्नांडेझ एकटाच 10.68 कोटी पाउंडचा, मुड्रिक, बडियाशिल, माडुएके, वर जोआओ फेलिक्स लोनवर. चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या मोठ्या क्लबांच्या स्पर्धेच्या, यादीत नवीन तिघांनाच जागा, म्हणून बडियाशिल बाहेर, ऑबामेयांग बाहेर. एवढी मोठी स्क्वॉड, दर शनिवारी डझनभर नाराज माणसं स्टँडमध्ये. ज्याचं सगळं कौशल्य वीस माणसांशी रोज बोलून त्यांना हळूहळू घडवण्यात होतं त्याला तुम्ही गर्दी दिलीत. तरी डॉर्टमुंडला 2-0 हरवून चॅम्पियन्स लीगच्या क्वार्टर फायनलला नेलं. तो गेला तेव्हा चेल्सी 11 वी होती, मग लॅम्पार्डला आणला आणि सीझन 12 व्या नंबरवर संपला. माणूस बदलून नंबर वर गेला नाही, खालीच आला.

पण पॉटरची बाजू घेणाऱ्यांनी, म्हणजे मी पण त्यातलाच, एक गोष्ट गिळायला हवी. पॉटर गेल्यावर ब्रायटनने डी झर्बीला आणलं आणि त्याच सीझनला 62 पॉइंट घेऊन 6 वे आले, क्लबच्या इतिहासात पहिल्यांदा युरोपातल्या स्पर्धेत गेले. म्हणजे ब्रायटनचा जो खेळ आपण पॉटरच्या नावावर मांडत होतो त्यातला बराच मोठा भाग ब्रायटनचा होता, मालक टोनी ब्लूमचा होता, कैसेडो आणि मॅक अलिस्टरसारखी पोरं कोणी नाव ऐकण्याआधी शोधून आणणाऱ्या लोकांचा होता. चेल्सीने डोकं विकत घेतलं, आणि ते डोकं ज्या शरीरावर बसत होतं ते ब्रायटनलाच राहिलं. 29 ऑक्टोबर 2022 ला पॉटर चेल्सी घेऊन ब्रायटनला परत गेला आणि 4-1 हरला, तेव्हा ज्यांना दिसायचं होतं त्यांना हे दिसलं होतं.

मग इराओलाबाबत हाच प्रश्न विचारला पाहिजे, नुसतं "पॉटर, पॉटर" करून भागणार नाही. इराओलाचं किती आणि बोर्नमथचं किती? माझ्या मते इराओलाचा वाटा पॉटरच्या वाट्यापेक्षा जास्त आहे, आणि त्याचं कारण साधं आहे, त्याने हेच काम आणखी दोन ठिकाणी करून दाखवलंय आणि ती ठिकाणं एकमेकांसारखी नव्हती. मिरांडेस ही स्पेनच्या दुसऱ्या डिव्हिजनमधली छोटीशी टीम, 2020 मध्ये कोपा डेल रेच्या, म्हणजे स्पेनच्या कपच्या, सेमीफायनलला नेली, वाटेत सेल्टा, सेविया, विल्यारेआल हे तिघे वरच्या डिव्हिजनचे क्लब हरवले. मग रायो वायेकानो, 2021 मध्ये प्ले-ऑफमधून वर आणला, पुढच्याच वर्षी कोपाच्या सेमीफायनलला नेला, आणि नोव्हेंबर 2022 मध्ये रेआल माद्रिदला 3-2 हरवलं. तिन्हीकडे खेळ एकच ओळखू येतो, तोच पुढे जाऊन गळा धरणारा. पहिल्या नोकरीत, सायप्रसच्या लार्नाकामध्ये, त्याला अर्ध्या सीझनमध्ये काढलं होतं हेही लक्षात ठेवा. माझ्या दृष्टीने ती जमेची बाजू आहे, नोकरी गेल्यावर माणूस संपत नाही हे त्याला सदतिसाव्या वर्षाच्या आतच कळलंय.

मोयेसचं उदाहरण मला पॉटरपेक्षा जास्त शिकवणारं वाटतं. डेव्हिड मोयेस एव्हर्टनला अकरा वर्षं होता, कमी पैशात, आणि काम उत्तमच केलं त्याने. पण त्या अकरा वर्षांत लीगमध्ये ओल्ड ट्रॅफर्ड, लिव्हरपूलचं अॅनफिल्ड, स्टॅमफर्ड ब्रिज आणि आर्सेनलचं मैदान या चारपैकी एकाही ठिकाणी तो जिंकला नाही. एकदाही. मोठ्या मैदानावर जायचं ते न हरण्यासाठी, ही सवय हाडात मुरली होती. 2013 मध्ये युनायटेडने सहा वर्षांचा करार हातात दिला आणि ती सवय तो सोबत घेऊन आला. मार्च 2014 मध्ये सिटीने ओल्ड ट्रॅफर्डवर येऊन 3-0 मारलं, आणि मॅचनंतर तो म्हणाला की आपण या दर्जाला पोचायची आकांक्षा ठेवली पाहिजे. एव्हर्टनच्या मॅनेजरच्या तोंडी हे प्रामाणिक वाक्य ठरलं असतं. आदल्याच वर्षी चॅम्पियन झालेल्या क्लबचा मॅनेजर हे बोलतो तेव्हा ड्रेसिंग रूममध्ये ज्यांच्याकडे पाच-पाच लीग मेडलं आहेत ती माणसं एकमेकांकडे बघतात. फुलहॅमविरुद्ध घरच्या मैदानावर 80 च्या वर क्रॉस टाकले आणि 2-2. एप्रिलमध्ये गेला.

म्हणून कुणी मला विचारलं की तयार आहे का हे ओळखायचं कसं, तर मी पहिल्यांदा हे बघतो की लहान टीम घेऊन हा मोठ्या मैदानावर जातो तेव्हा टीम कुठे उभी असते. इराओलाची बोर्नमथ ओल्ड ट्रॅफर्डवर 2023 च्या डिसेंबरात 3-0 जिंकली आणि 2024 च्या डिसेंबरात परत 3-0 जिंकली. 2024-25 मध्ये आर्सेनलला घरी 2-0 आणि त्यांच्या मैदानावर 2-1. सिटीला 2-1, बोर्नमथच्या इतिहासात पहिल्यांदा. न्यूकॅसल ओळीने नऊ मॅच जिंकून बसली होती, तिथे जाऊन 4-1. हे सगळी टीम आपल्या गोलसमोर उभी करून बचाव करत एखादा काउंटर मारून आलेले विजय नाहीयेत, समोरच्याच्या पेनल्टी बॉक्सपाशी जाऊन बॉल हिसकावून मिळवलेले आहेत. सव्वाअकरा हजार माणसं मावतील एवढं ज्यांचं मैदान, त्या टीमने चौऱ्याहत्तर हजारांसमोर जाऊन यजमानासारखं खेळायचं, हे खेळाडूंच्या डोक्यात कोणीतरी घातल्याशिवाय होत नाही.

आणि एक मॅच मला विसरताच येत नाही, 25 जानेवारी 2025, नॉटिंगहॅम फॉरेस्ट. फॉरेस्ट तेव्हा टेबलच्या वरच्या तीनात, आठ लीग मॅच न हरलेले, बचाव असा की गोल मिळणं मुश्किल. बोर्नमथकडे त्या दिवशी स्ट्रायकरच नव्हता, एव्हानिल्सन जखमी, उनाल जखमी. इराओलाने विंगर डांगो वाटाराला मध्ये उभं केलं. पोरगा पाठ करून बॉल धरणारा नाहीच मुळी, पण इराओलाने त्याच्याकडून ते मागितलंच नाही, त्याला फक्त डिफेंडरच्या मागच्या जागेत पळायला सांगितलं आणि बाकीच्यांना तिथे बॉल घालायला. वाटाराने हॅटट्रिक केली, 5-0. हीच ती गोष्ट. असलेल्या माणसाकडून त्याच्याकडे असलेलंच काम घ्यायचं. आणि लोक जे म्हणतात ना की इराओलाकडे एकच पद्धत आहे, त्यांनी ही मॅच पुन्हा बघावी, पद्धत तीच होती पण माणसाच्या मापाने कापलेली होती.

याच्या उलट आमोरीम. स्पोर्टिंगला 19 वर्षांनी पोर्तुगालचं लीग मिळवून दिलं, 2024 ला पुन्हा दिलं, युनायटेडने नोव्हेंबर 2024 मध्ये सीझनच्या मध्येच आणला आणि आल्याआल्या त्याने 3-4-3 लावलं, म्हणजे मागे तीनच डिफेंडर आणि कडेला वर-खाली पळणारे विंगबॅक, ज्या स्क्वॉडमध्ये त्या आकाराचे विंगबॅकच नव्हते. 42 पॉइंट, 15 वा नंबर. दोष कोणाचा? मला वाटतं दोघांचा, पण विकत घेणाऱ्याचा जास्त, कारण तो कसा खेळतो हे काय गुपित नव्हतं, पाच वर्षं तो तेच करत होता.

आता मला इराओलाबद्दल खरंच ज्या शंका आहेत त्या. बाजू घेतलीय म्हणून त्या लपवणार नाही.

पहिली शंका, समोरचा मागे बसला तर काय. ज्या सीझनला आर्सेनल दोनदा हरवला त्याच सीझनला बोर्नमथ लेस्टरकडे 1-0 हरली आणि एप्रिलमध्ये इप्सविच त्यांच्या घरी येऊन 2-1 जिंकून गेले. लेस्टर आणि इप्सविच दोघेही त्या वर्षी खाली उतरले. याला योगायोग म्हणता येणार नाही. इराओलाचा खेळ समोरच्याने बॉल बाळगण्यावर उभा आहे, समोरचा मागून पास करत वर यायला बघतो, हा त्याला पकडतो आणि मोकळ्या जागेत पळतो. पण समोरच्याने बॉल बाळगायचाच नाही असं ठरवलं, सगळे दहा जण आपल्या बॉक्ससमोर उभे केले, बॉल मिळाला की लांब भिरकावून दिला, तर हिसकावणार काय आणि पळणार कुठे? मोठ्या क्लबला वर्षातल्या निम्म्याहून जास्त मॅच अशाच खेळाव्या लागतात. बोर्नमथसमोर कोणी असं बसायची गरज नव्हती, निदान सुरुवातीला नव्हती, नंतर नंतर बसायला लागले आणि तेव्हा ते अडकलेले दिसले. दाट उभ्या बचावातून वाट काढायला वेगळ्या तऱ्हेची माणसं लागतात, दोन फुटांच्या जागेत वळणारी. बोर्नमथकडे तशी फार नव्हती, त्यामुळे त्याला ते शिकवता येतं की नाही हे सिद्धच झालेलं नाही. यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही, माझा अंदाज असा की तशी दोन माणसं दिली तर तो शिकवेल, पण अंदाज तो अंदाज.

दुसरी शंका मला पहिलीपेक्षा मोठी वाटते आणि तिच्याबद्दल लोक कमी बोलतात. पाय. हा खेळ खेळायला पाय लागतात, आणि पायांना आठवडा लागतो. बोर्नमथला बहुतेक वेळा शनिवार ते शनिवार मोकळे मिळायचे, मंगळवारी-बुधवारी ट्रेनिंग ग्राउंडवर घाम काढायचा, शनिवारी सगळं ओतायचं. मोठ्या क्लबला बुधवारी मिलान किंवा लिस्बन, रविवारी लीग, मध्ये विमान आणि बर्फाची आंघोळ, ट्रेनिंग जवळजवळ नाहीच. इराओलाने हे कधी केलंय? लार्नाकासोबत 2018 मध्ये युरोपा लीगच्या पात्रता फेऱ्या आणि ग्रुपमधल्या सहा मॅच, एवढंच. रायोला युरोप नव्हता, मिरांडेसला नव्हता, बोर्नमथला या दोन सीझनमध्ये नव्हता. आणि युरोप नसतानाही 2024-25 मध्ये जानेवारीनंतर टीम दमलेली दिसली, दुखापती वाढल्या, वरच्या जागांच्या शर्यतीत होते ते घसरत घसरत 9 वे आले, मार्चअखेर एफए कपच्या क्वार्टर फायनलला सिटीकडे घरच्या मैदानावर 2-1 हरले, तेही आधी गोल करून. काही जण म्हणतील स्क्वॉड लहान होती. होती. पण स्क्वॉड मोठी मिळाली की प्रश्न सुटतो असंही नाही, कारण मग कोणाला कधी बसवायचं, बसवलेला तोंड फिरवून बसला तर काय करायचं, हे नवीन काम सुरू होतं आणि ते त्याने केलेलं नाही.

क्लॉपला पण हेच शिकायला लागलं, लिव्हरपूलमध्ये पहिली एक-दोन वर्षं हॅमस्ट्रिंगच्या दुखापतींची रांग लागली होती, मग हळूहळू त्याने बॉल ठेवून विश्रांती घेणं शिकून घेतलं. शिकता येतं. फक्त शिकायला दुसरं वर्ष मिळालं पाहिजे.

क्लॉपवरून आठवलं. 2008 मध्ये हॅम्बर्गने त्याच्यामागे माणसं लावून त्याची पाहणी केली होती आणि नाही म्हटलं, फाटकी जीन्स, वाढलेली दाढी, खेळाडू त्याला टोपणनावाने हाक मारतात, हा माणूस आमच्यासारख्या क्लबला शोभत नाही. त्याच उन्हाळ्यात डॉर्टमुंडने त्याला घेतला, 2011 आणि 2012 ला बुंडेसलीगा जिंकली, 2013 ला चॅम्पियन्स लीगची फायनल. हॅम्बर्ग 2018 ला खाली उतरलं. "मोठ्या क्लबला शोभतो का" हा प्रश्न विचारणाऱ्यांनी जीन्सकडे बघितलं, हा माणूस माइन्झला एक पॉइंट कमी पडून आणि पुढच्या वर्षी एका गोलच्या फरकाने वर जायचं हुकल्यावर तिसऱ्या वर्षी त्याच पोरांना घेऊन वर गेला होता याच्याकडे नाही बघितलं. इराओलाबद्दल पण असं ऐकू येतं की तो फार शांत आहे, प्रेस कॉन्फरन्सला काही बोलतच नाही, मोठ्या क्लबला चेहरा लागतो. मला हे अजिबात पटत नाही. अॅथलेटिक बिलबाओसाठी 510 मॅच खेळलेला, कोच बिएल्साच्या हाताखाली युरोपा लीगची फायनल खेळलेला, न्यूयॉर्कला पिर्लो, व्हिया, लॅम्पार्ड यांच्यासोबत एका ड्रेसिंग रूममध्ये बसलेला माणूस आहे तो. स्टार लोकांना बघून त्याचे पाय लटपटतील ही भीती बाळगायचं कारण नाही.

आणि कोम्पनी! 2023-24 मध्ये बर्नली घेऊन 24 पॉइंट, 19 वा नंबर, सरळ खाली. त्याच उन्हाळ्यात बायर्नने त्याला मॅनेजर केलं आणि पहिल्याच वर्षी बुंडेसलीगा जिंकली. "तयार" या शब्दाचा आपण जो अर्थ लावतो त्या अर्थाने तो जगातला सगळ्यात कमी तयार माणूस होता. त्याला जमलं कारण बर्नलीला जो खेळ त्या पोरांना पेलत नव्हता तोच खेळ बायर्नच्या पोरांना हवा होता, आणि त्याच्याभोवती वर्षानुवर्षं चाललेली व्यवस्था होती जी मॅनेजर कोण आहे यावर कोसळत नाही.

काही जण म्हणतात घाई कशाला, राहू दे की अजून दोन वर्षं, लहान क्लबमध्ये पिकू दे. हा सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटतो पण त्याची किंमत कोणी मोजत नाही. किएरन मॅकेन्नाने इप्सविचला ओळीने दोन वर्षांत दोन प्रमोशन मिळवून दिले, 2024 च्या उन्हाळ्यात मोठ्या नावांशी त्याची चर्चा होती, तो थांबला, नवीन करार केला, आणि 2025 ला टीम खाली गेली. त्याने निष्ठेने थांबणं मला आवडलं, पण त्या एका वर्षात तो कमी हुशार झाला होता का? फक्त स्क्वॉड अपुरी होती. लहान क्लबमध्ये मॅनेजर चांगला निघाला की त्याची माणसं विकली जातात. बोर्नमथचंच बघा, 2025 च्या एका उन्हाळ्यात हाउसेन माद्रिदला, केर्केझ लिव्हरपूलला, झाबार्नी पॅरिसला, म्हणजे मागच्या चार डिफेंडरपैकी तिघे एकदम गेले. दर वर्षी पाया खणून नेला तर तो माणूस पिकत नाही, तो दर वर्षी तेच पहिलं वर्ष पुन्हा जगतो. पहिली इयत्ता चार वेळा केल्याने कोणी पाचवीला जात नाही.

तर कुठला क्लब? माझ्या मते असा, जिथे त्याला उन्हाळ्यात बोलावतात, नोव्हेंबरात नाही. जिथे खेळाडू आणणारा माणूस आणि मॅनेजर आणणारा माणूस एकच आहे किंवा निदान एकाच खोलीत बसतो, आणि त्याला ठाऊक आहे की आपल्याकडची मधली फळी पळणारी आहे की नाही. आर्सेनलने आर्टेटाला 2019 च्या डिसेंबरात आणलं तेव्हा त्याला मॅनेजर म्हणून शून्य अनुभव होता, ओळीने दोनदा 8 वे आले, लोक काढा काढा म्हणत होते, त्यांनी ठेवला, आणि मग सलग तीन सीझन दुसरे आले. लीग जिंकली नाही त्या तीन वर्षांत, ते मला माहितीये. पण तिथे कोणीतरी आपण काय विकत घेतलंय हे लक्षात ठेवलं होतं.

मोयेस युनायटेडला आला त्याच उन्हाळ्यात क्लबचा मुख्य अधिकारी डेव्हिड गिल गेला होता हे लोक विसरतात. आधीचा मॅनेजर फर्ग्युसन गेला, त्याच्यासोबत खेळाडू विकत घेणारा, पगार ठरवणारा, दारं उघडणारा माणूस पण गेला, मोयेसने वर जुना कोचिंग स्टाफ पण जाऊ दिला, आणि त्या उन्हाळ्याची खरेदी म्हणजे खेळाडू खरेदीची विंडो बंद व्हायच्या दिवशी 2.75 कोटी पाउंडचा फेलैनी. इराओलाच्या जागी मी असतो तर पगाराचं बोलायच्या आधी टेबलापलीकडे कोण कोण बसलंय ते बघितलं असतं, त्यातले किती जण दोन वर्षांनी त्याच खुर्चीत असतील ते विचारलं असतं, आणि मग ऑक्टोबर 2023 चं टेबल त्यांच्यासमोर ठेवलं असतं, नऊ मॅच, 3 पॉइंट, आणि म्हटलं असतं की त्या आठवड्यात तुम्ही काय केलं असतं ते एकेकाने सांगा.